लक्ष्मीला कुठून आलीस विचारत नाहीत

मी संशयी माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. न्हावा शेव्याच्या बंदरात, कंटेनरच्या फाटकावर उभं राहून माझं नोकरीचं सारं आयुष्य गेलं. काम साधं होतं. आलेल्या कंटेनरच्या दाराला सील असतं, त्याच्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवायचा आणि सील हाताने ओढून बघायचं. ड्रायव्हर जितका गोड बोलेल, चहा पाजायला बघेल, तितकं ते जास्त जोरात ओढायचं. या कामाला माणसं कंटाळतात. मी कंटाळलो नाही. उलट निवृत्त झाल्यावर माझी पंचाईत झाली, कारण घरात ओढून बघण्यासारखं काही नव्हतं.

मग आमच्या घरात जाहिरात आली.

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीलगत. बायको करंजाची, कोळ्यांच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हापासून घरामागच्या खळ्यात ती मासळी सुकवते. खळं म्हणजे शेणाने सारवलेली मोकळी जमीन. तिच्यावर जवळा पसरायचा, कडेला बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगायचे, आणि चटईवर सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. तिच्या सोड्यांना वाळूचा कण लागत नाही, ही पंचक्रोशीत ख्याती. पूर्वी ती टोपली घेऊन उरणच्या बाजारात बसायची. पण गुडघे गेले. डॉक्टरने बसणं-उठणं बंद केलं, बाजार सुटला, आणि सुकवलेली मासळी घरातच राहायला लागली.

नेमका त्याच वेळी पार्किंगवाला आला. आमच्याकडच्या जमिनीत हल्ली भात कमी आणि ट्रेलर जास्त उगवतात. खळं रस्त्याला लागून. तो म्हणाला, भराव टाकतो, ट्रेलर उभे करतो, महिन्याच्या महिन्याला भाडं घ्या आणि आरामात बसा. जमीन माझ्या नावावर आहे, म्हणजे हो म्हणायचं की नाही हे माझ्याच हातात. बायकोने तोंड फिरवलं आणि जवळा परतायला लागली. चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

वाट काढली ती सुनेने. सून पनवेलची. मुलगा बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रात. ती लग्नाआधी बेलापूरला एका ऑफिसात दुसऱ्यांच्या धंद्याच्या फोनवरच्या जाहिराती करायची. म्हणाली, "बाबा, मला शिमग्यापर्यंत वेळ द्या. मी आईंची मासळी ऑनलाइन विकून दाखवते. विकली गेली तर खळं राहू द्या. नाही गेली तर तुम्ही म्हणाल तसं."

मी कबूल झालो, पण एका अटीवर. जाहिरातीमुळे किती विकलं, हे मला पटेल असं दाखवायचं. उगाच तोंडी हिशेब नको.

"दाखवीन ना," सून म्हणाली. ती हसत होती, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं हे मला नोकरीने शिकवलं होतं.

तिने खळ्याचे फोटो काढले. बायकोचे हात आणि हातात सोडे, चेहरा नाही. कारण बायको म्हणाली, माझं थोबाड बगून कोन मासळी घेनार. जाहिरात सुरू झाली. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत सुनेने मला फोनवर तक्ता दाखवला. इतक्यांनी जाहिरात पाहिली, इतक्यांनी दाबली, इतक्यांनी ऑर्डर दिली. बायकोचा चेहरा उजळला. मी मात्र उठून पडवीत गेलो आणि कुरिअरला द्यायला ठेवलेली पुडकी बघितली. तक्त्यातल्या ऑर्डरी जास्त आणि पुडकी कमी.

"बाकीची पुडकी खाडीत गेली काय?" मी विचारलं.

सून गोंधळली. मग तिने समजावलं, की गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली की फोनवर 'धन्यवाद' असं एक पान उघडतं. ते पान उघडलं की जाहिरातवाल्यांकडे एक विक्री धरली जाते.

"आणि बाईने तेच पान संध्याकाळी नवऱ्याला दाखवायला परत उघडलं तर?"

ती तक्ता पुन्हा बघत म्हणाली, "परत एक विक्री धरली जात असेल."

"आणि सासूला दाखवलं तर?"

त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. सुनेने चूक दुरुस्त केली. प्रत्येक ऑर्डरीला नंबर दिला आणि एक नंबर एकदाच मोजायचा, असं करून टाकलं. मी म्हटलं, हेच तर सील. हे आम्ही बंदरात कधीपासून करतोय आणि तुमच्या कंप्युटरवाल्यांना आता सुचलं.

पुढे आणखी एक निघालं. सून दोन ठिकाणी जाहिरात करत होती. एक फोटो बघता बघता मध्येच येणारी, आणि दुसरी कुणी 'सुके सोडे' असं शोधलं की वर दिसणारी. दोन्हीकडचे तक्ते वेगळे. मी दोन्हीतल्या विक्रीची बेरीज केली तर ती पुन्हा पुडक्यांपेक्षा जास्त. एकाच बाईने आधी फोटो बघितलेला, दोन दिवसांनी शोधून काढून ऑर्डर दिलेली, आणि दोन्ही जाहिरातवाले म्हणतात ही आमचीच. लग्न जुळलं की ज्याने पत्रिका आणली तोही शाल मागतो आणि ज्याने नुसतं घर दाखवलं तोही. सुनेलाही हे आधी लक्षात आलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या ऑफिसात असता तर सगळ्यांना रडवलं असतंत." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

दोनदा बरोबर ठरलेला संशयी माणूस फार वाईट. तिसऱ्यांदा त्याला कुणी थांबवू शकत नाही.

फुगवटा काढून टाकल्यावर जाहिरातीची खरी विक्री अगदीच किरकोळ निघाली. जाहिरातीला घातलेले पैसे जेमतेम सुटत होते. एवढ्यावर खळं ठेवायचं म्हणजे हत्तीच्या अंघोळीला वाटीभर पाणी. मी मनातल्या मनात पार्किंगवाल्याला होकार देऊन टाकला होता.

पण खळ्यातली मासळी संपत होती. हे मला कळेना. फोनवर विक्री नाही, बाजार बंद, आणि तरी चटईवरचे सोडे आठवड्यात गायब. नजर ठेवली, तर कळलं की विक्री घराच्या दारावर होते आहे. आजूबाजूच्या गावांतून बायका येत होत्या. केगावची एक, मोऱ्याची एक, नागावच्या दोघी. येत होत्या, पडवीत टेकत होत्या, पिशवी भरून घेत होत्या, रोख पैसे देऊन जात होत्या. इतकी वर्षं बायको याच घरात आहे, पण दारावर अशी रीघ मी बघितली नव्हती.

मी बायकोला म्हटलं, "या कुठून कळून येतात, जरा विचार की. आणि एवढी कुणासाठी नेतात?"

ती सोडे निवडत होती. हात थांबला तिचा. "गिऱ्हाईक म्हंजे लक्ष्मी. दारात आलेल्या लक्ष्मीला कुठून आलीस म्हनून इचारतात व्हय? आल्या पावली परत जाईल ती."

"अगं, पण हिशेबासाठी..."

"हिशेबासाठी पन न्हाय. माझ्या आयशीने कधी इचारला न्हाय, मी न्हाय इचारनार."

हे तिचं जुनंच. टोपली उचलून निघाली की 'कुठे चाललीस' असंही कुणी विचारायचं नाही. विचारलं की टोपली खाली, पाणी पिऊन पुन्हा निघायचं. कोळ्यांची बाई एक वेळ भाव कमी करील, पण गिऱ्हाइकाला टोकणार नाही. सुनेने ऑर्डरीच्या पानावर 'आमच्याबद्दल कुठे कळलं?' असा प्रश्न घातला होता, तोसुद्धा बायकोने काढायला लावला. दारात काय आणि फोनात काय, तिच्या मते अपशकुन तो अपशकुन. सून बिचारी म्हणाली, "आई, तो एकच प्रश्न कामाचा होता." पण काढला.

मला त्यात श्रद्धा दिसली नाही. मला लपवाछपवी दिसली. ज्या ड्रायव्हरला कंटेनर उघडू द्यायचा नसतो, तो देवाचं नाव आधी घेतो.

संशय एका माणसावर येऊन थांबला, तो माझ्या मेहुणीवर. बायकोची धाकटी बहीण, करंजातच दिलेली, नवरा वारलेला. तिची लेक भांडुपला. दर आठवड्याला ती लाँचने मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जायची आणि लेकीला भेटून यायची. पूर्वी वाटेत आमच्याकडे येऊन चहा पिऊन जायची. आता ती सगळ्यात मोठी पिशवी भरून नेत होती. सोडे, बोंबील, जवळा, सगळंच. आणि पैसे रोख मोजून बहिणीच्या हातात. बहिणीकडून बहीण मासळी विकत घेते? तेही करंजाची बाई, जिच्या दारात होड्या लागतात?

मी मनाशी जुळवलं ते असं. बायकोला खळं जाऊ द्यायचं नाही. शिमग्यापर्यंत विक्री दाखवायची आहे. म्हणून ती बहिणीला आतून पैसे देते, बहीण तेच पैसे बाहेरून आणून देते, मासळी 'विकली' जाते, आणि बाकीच्या बायका म्हणजे बहिणीच्याच ओळखीच्या. सुनेचंही अंग असणार. तिची बढाई राहते ना! एकदा हे सुचल्यावर मला घरातलं सगळं वेगळं दिसायला लागलं. दोघी स्वयंपाकघरात हसल्या की माझे कान ताठ. मी आलो की बोलणं थांबलं, असं वाटायचं. कदाचित थांबतही असेल. मी आलो की बोलणं थांबावं असाच मी वागत होतो.

मग मी माझं स्वतःचं सील शोधून काढलं. बाजारातून लाल सुतळी आणली आणि बायकोला सांगितलं, फोनवरच्या ऑर्डरींची पुडकी पांढऱ्या सुतळीने बांधायची, दारावरच्या पिशव्या लाल सुतळीने. गाठही शिकवली, आमच्या यार्डातली, एक फासा बाहेर ठेवणारी. ती सोडून कुणी परत बांधली तर मला लगेच कळावं म्हणून. बायकोने कारण विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि सुतळी घेतली.

काहीतरी निमित्त काढून मी करंजाला मेहुणीच्या घरी गेलो. तिने चहा केला, तळलेल्या मांदेल्या पुढे ठेवल्या. ती आत गेली तशी मी माळ्याखाली, चुलीमागे, न्हाणीच्या कोनाड्यात नजर फिरवली. लाल सुतळीची एकही पिशवी नव्हती. सरळ माणूस म्हणाला असता, बरं झालं. मी म्हटलं, माल दुसरीकडे हलवला.

सुनेला माझा रोख कळला होता, पण ती भांडली नाही. तिने तिच्या पद्धतीने उपाय सांगितला. "बाबा, जाहिरात काही दिवस पूर्ण बंद ठेवू. बंद असताना दारावरचं गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तर जाहिरातीचा दारावरच्या विक्रीशी संबंध नाही. कमी झालं, तर आहे." मी म्हटलं, कर.

जाहिरात बंद झाली. सुरुवातीचे काही दिवस फरक दिसला नाही. मग बायका कमी झाल्या. मोऱ्याची आली नाही, केगावची आली नाही. मेहुणी आली, पण चहा पिऊन रिकाम्या हाताने गेली. सोडे चटईवर पडून राहिले.

सून धावत माझ्याकडे आली. "बघितलंत बाबा? जाहिरात बंद, तर दार पण बंद!"

मी काय समजलो सांगू? मी समजलो, की चोर सापडला. जाहिरात बंद आहे हे त्या बायकांना कुणी सांगितलं? फोनवरच्या जाहिरातीशी ज्यांचा काही संबंध नाही, त्या बायका बरोबर त्याच दिवसांत कशा थांबल्या? आतूनच खबर गेली असणार. जो पुरावा तिने माझ्या हातात आणून ठेवला, तो मी तिच्यावरच उलटवला. ताकास तूर लागू दिली नाही. "जाहिरात सुरू कर परत," एवढंच म्हटलं, आणि वाट बघत बसलो.

जाहिरात सुरू झाली आणि आठवडाभरात मेहुणी मोठी पिशवी घेऊन हजर. मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. बायकोने पिशवी भरली, लाल सुतळीची गाठ मारली, मेहुणीने कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या. मी विचारलं, "एवढे सोडे तुमच्या घरात खातो कोण?"

ती हसली. तिला थट्टा वाटली.

"नाही, खरंच विचारतोय. आणि पैसे कुणाचे हे? तुमचे की तुमच्या बहिणीचे?"

तिचं हसू हळूहळू गेलं. अजूनही ते मला दिसतं. तिने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने खाली पाहिलं. मेहुणीने नोटा उंबऱ्यावर ठेवल्या, पिशवी उचलली आणि म्हणाली, "ज्यांचे हायत त्यांचे हायत, भावोजी. माझी लाँच सुटेल." आणि गेली.

बायको आत जाताना एवढंच म्हणाली, "टोकलात ना शेवटी."

त्यानंतर मेहुणी आली नाही. तिच्यामागे इतर बायकाही कमी होत गेल्या. सुनेच्या तक्त्यात काही फरक नव्हता. जाहिरात बघणारे तेवढेच, दाबणारे तेवढेच. मासळी मात्र पडून. मला आनंद व्हायला हवा होता, कारण मी पकडलं होतं. घरात कुणी माझ्याशी भांडत नव्हतं. भांडले असते तर बरं झालं असतं. पार्किंगवाल्याचा फोन आला, शिमगा आला, काय ठरलं? मी म्हटलं, या, बोलू.

त्याच आठवड्यात भांडुपला हळद होती. बंदरातल्या माझ्या जुन्या सोबत्याच्या मुलाचं लग्न. आमच्या बाजूची कितीतरी माणसं तिकडे आहेत. मेहुणीची लेकही तिथेच कुठेतरी, हे मला ठाऊक होतं, आणि जमलं तर तिकडेही एक चक्कर टाकून यावी असा विचार मनात होताच. स्वभाव.

हळद जोरात होती, ढोल, नाच, सगळं. जेवणाची पंगत गच्चीवर, आणि हात धुवायला खालच्या मजल्यावर, सोबत्याच्या भावजयीच्या घराच्या मागच्या गॅलरीत. हात पुसताना वर बघितलं, तर खिडकीच्या गजाला पिशवी टांगलेली. लाल सुतळी. फासा बाहेर ठेवलेली माझी गाठ.

शेवटी माल सापडला होता.

भावजय टॉवेल घेऊन आली. ती मला ओळखत नव्हती. दिराच्या कामावरचा माणूस, एवढंच तिला माहीत. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "सोडे वाटतं? कुठून आणता?"

"अहो, ती एक गंमतच आहे," ती म्हणाली. "जाहिरात दिसली होती फोनवर. दोन हात आणि हातात सोडे. बघूनच कळलं, स्वच्छ आहेत. पण फोनवरून सुकी मासळी कोण घेणार? वाळू असली तर? मीठ मारून जड केलेली असली तर? पाण्यात म्हैस आणि वर मोल! मग मी आमच्या गल्लीत एक करंजाची पोरगी दिलेली आहे, तिला फोटो दाखवला. म्हटलं, तुमच्या बाजूचं दिसतंय, हे घर कसं आहे विचार. तर ती म्हणते, अहो हे तर माझ्या मावशीचे हात!"

मी टॉवेल धरून उभा राहिलो.

"मग तिची आई स्वतः आणून द्यायला लागली. लाँचने यायची बिचारी, डोक्यावर ओझं घेऊन. सगळ्या गल्लीने मागवले. जाहिरात दिसली की आठवण व्हायची, मध्ये ती दिसेना तर मागवणंही राहिलं. माझ्या नणंदेने तिच्या मोऱ्याच्या काकीला फोटो पाठवला, ती काकी जाऊन घेऊन यायची. जाहिरात बघायची फोनवर आणि मासळी घ्यायची माणसाकडून. असंच चालतं ना आपल्यात?"

मला मान्य करायला लाज वाटते, पण त्या वेळीही माझ्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं, की हिला पढवलं तर नसेल? मी येणार हे कुणी कळवलं होतं? मग माझीच मला शिसारी आली. लग्नघरातली बाई, हाताला हळद, मागून तिला चार जण हाका मारतायत, ती मला का फसवेल.

"पण आता येत नाही ती," भावजय म्हणाली. "तिच्या बहिणीचा नवरा काहीतरी बोलला म्हणे. पोलिसासारखा दारात बसतो म्हणे खुर्ची टाकून. ही पिशवी शेवटची. पुरवून पुरवून वापरतेय." आणि मग तिच्या लक्षात आलं की पाहुणा उभाच आहे, तर म्हणाली, "तुम्ही त्याच बाजूचे ना? ओळखता का त्याला?"

"ओळखतो थोडासा," मी म्हटलं.

घरी आल्यावर सुनेला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, 'मी म्हटलं नव्हतं?' असं ती म्हणेल. ती नुसतं म्हणाली, "म्हणजे जाहिरात बघून गल्लीत विचारलं, गल्लीतून मावशी, मावशीकडून आई. हे मोजायला माझ्याकडे काहीच नाही, बाबा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं नव्हतं.

बायको चुलीपुढे होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"त्या बायका आपनहून सांगायच्या. मी इचारलं न्हाय, पन सांगितलं तं ऐकायची."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तं तुमी काय केलं असतंत? तिलाच दारात उभी करून साक्ष घेतली असतीत." तिने भाकरी उलटली. "लाल सुतळी कशाला हाय, मना पयल्या दिवशीच कळला होता. तरी मी बांधत होते. म्हटलं, बगू दे, समाधान होऊ दे."

पार्किंगवाला दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला खळ्याच्या कडेला उभं केलं, चहा दिला आणि सांगितलं, जमणार नाही. तो म्हणाला, भाव वाढवून देतो. मी म्हटलं, त्याचा प्रश्न नाही. तो माझ्याकडे असा बघत होता, की याला दुसऱ्या कुणी जास्त दिलेत. मला त्याचा राग आला नाही. मीही तेच समजलो असतो.

पण खळं वाचलं म्हणून मासळी विकली जात नव्हती. जाहिरात चालू होती, लोक बघत होते, फोटोंवर बोटं टेकत होती, आणि त्यापुढचा रस्ता मी स्वतः तोडला होता. तो बहिणीचा रस्ता होता. लाँचने जाणारा, डोक्यावर ओझं घेणारा. बायको रोज सोडे उन्हात घालायची, रोज गोळा करायची. दाराकडे बघायची नाही.

शेवटी मीच म्हटलं, "करंजाला जाऊन येतो. चल तूही."

"मी कशाला? टोकलं कोनी?" तिने एक पिशवी सोडे भरले, माझ्यापुढे ठेवले, आणि तोंड बांधलं नाही. सुतळीही दिली नाही. तशीच उघडी पिशवी हातात घेऊन मी रिक्षात बसलो. वाटभर सोड्यांचा वास, आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

मेहुणी ओट्यावर बसून बोंबील साफ करत होती. मला बघून उठली नाही. हात चालूच. मी पायरीपाशी उभा राहिलो. बसा म्हणेल, चहा ठेवते म्हणेल, अशी इतक्या वर्षांची सवय. ती म्हणाली नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "कुनी पाठवला तुमाला?"

मी तिच्या बहिणीचं नाव घेऊ शकलो असतो. सुनेचंही. ते सोपं गेलं असतं.

"कुणी नाही. माझा मी आलोय."

तिने सुरी खाली ठेवली. पदराला हात पुसले. आधी माझ्या हातातल्या उघड्या पिशवीकडे पाहिलं, मग मान लांब करून माझ्या पाठीमागे, रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिलं. बहीण तिथे रिक्षात बसून राहिली आहे का, तिने मला पढवून पुढे पाठवलंय का, ते ती तपासत होती. मी हललो नाही. तिला नीट बघू दिलं.

रस्त्यावर कुणी नव्हतं. तिने पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग ओट्यावरची बोंबलाची पाटी थोडी बाजूला सरकवली.

"बसा," ती म्हणाली.